घरचा रियाज: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात मी मुलांना पेटी आणि तबला शिकवतो. वर्ग सुटला की दारात चपला घालता घालता पालक एकेक प्रश्न विचारतात, आणि त्यातले बहुतेक घरच्या रियाजाबद्दलचे असतात. ते रास्तच आहे. मूल आठवड्यातून एक-दोनदा माझ्यासमोर बसतं, बाकीचे सगळे दिवस ते घरी असतं. दारात उभ्याउभ्या नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ही उत्तरं सवडीनं लिहिली आहेत. उदाहरणं पेटी-तबल्याचीच जास्त सापडतील, पण सतार, व्हायोलिन, बासरी शिकणाऱ्यांनाही ती लागू पडतील.

रोज किती वेळ बसवायचं?

सात-आठ वर्षांच्या मुलाला एका बैठकीला पंधरा मिनिटं पुरतात. जमलं तर अशा दोन बैठका, सकाळी शाळेआधी एक आणि संध्याकाळी एक. दहा-बारा वर्षांच्या मुलानं अर्धा-पाऊण तास बसावं. त्यापुढच्या मुलांनी तासभर, मध्ये थोडं उठून. आठवडाभर वाद्याला हात न लावता रविवारी दोन तास बसणं, हा मला सगळ्यात वाईट प्रकार वाटतो. हाताला नवी हालचाल एका दिवसात येत नाही. थोडं करायचं, रात्री झोपायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं करायचं, अशीच ती पक्की होते.

दहा हजार तास रियाज केला की माणूस उस्ताद होतो म्हणतात, त्याचं काय, असं एखादे बाबा हमखास विचारतात. तो आकडा ज्या अभ्यासातून पसरला, तो 1993 साली ॲंडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर केला होता. त्यातल्या सर्वोत्तम गटानं विसाव्या वर्षापर्यंत एकट्यानं केलेल्या रियाजाची ती सरासरी होती. तेवढे तास भरले की कोणीही उस्ताद होतो, असं त्यांनी कुठंही म्हटलं नव्हतं, आणि लोकांनी लावलेल्या या अर्थाबद्दल एरिक्सन यांनी पुढं नाराजीही व्यक्त केली. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्या जास्त उपयोगाची आहे. ती चांगली वाजवणारी मुलं रियाज तुकड्यातुकड्यानं करत, मध्ये विश्रांती घेत, दुपारी डुलकीही काढत.

मुलगा रोज अर्धा तास बसतो, कंटाळा करत नाही, तरी पुढं का जात नाही?

वर्षानुवर्षं मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. एकदा बाजूच्या खोलीत बसून, त्याला कळू न देता, त्याचा रियाज ऐका. बहुधा असं ऐकू येईल: धून पहिल्यापासून सुरू, तिसऱ्या ओळीत अडखळणं, क्षणभर थांबणं, पुन्हा पहिल्यापासून. दहा वेळा वाजवलं तर पहिल्या दोन ओळी दहा वेळा चांगल्या वाजतात आणि तिसऱ्या ओळीतली चूक दहा वेळा वाजते. म्हणजे अर्ध्या तासात त्यानं चुकीचाच रियाज करून ती पक्की केली. हात बिचारा चूक की बरोबर हे पाहत नाही, त्याला जे पुन्हा पुन्हा करायला लावाल ते तो शिकतो.

मग करायचं काय? अडखळण्याची जागा आधी नेमकी शोधायची. ‘तिसरी ओळ येत नाही’ हे उत्तर पुरेसं नाही, त्या ओळीतली कुठली मात्रा (तालाचा ठोका) ते सांगता आलं पाहिजे. मग फक्त तेवढा तुकडा. समजा तीनतालातला हा साधा कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना, आहे:

धा धा ति ट | धा धा तिं ना
ता ता ति ट | धा धा धिं ना

नव्या मुलांचा ‘ति ट’ इथं ढासळतो. दोन अक्षरांतलं एक जड पडतं, एक गिळलं जातं. अशा वेळी पूर्ण कायदा बाजूला ठेवायचा. नुसतं ‘ति ट ति ट’, इतकं सावकाश की दोन्ही अक्षरं वेगवेगळी आणि सारख्या वजनाची ऐकू येतील. मग त्याला एक धा आधी जोडायचा, मग दुसरा. मग ‘ति ट’नंतरचा धा, कारण पुष्कळदा खरी अडचण बोलात नसतेच, एका बोलावरून पुढच्यावर जाताना हात उशिरा पोचतो. एवढं जुळल्यावर पूर्ण ओळ, आणि अगदी शेवटी पूर्ण कायदा.

पेटीवरही हेच. सारेग, रेगम, गमप हा अलंकार चढताना घडाघडा येतो आणि सांनिध, निधप उतरताना बोटं एकमेकांत अडकतात. कारण सरळ आहे. प्रत्येक वेळी सुरुवात आरोहापासून होते, अवरोहापर्यंत पोचेतो लक्ष उडालेलं असतं किंवा आई जेवायला हाक मारते. आठवड्यातले दोन दिवस रियाज अवरोहापासून सुरू करायला सांगा. धुनेचंही तसंच, कधी शेवटच्या ओळीपासून, कधी मधूनच.

लयीचा एक नियम मी वर्गात सगळ्यांना लावतो. मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगानं टकटक करणारं यंत्र किंवा ॲप, मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवायचा. तुकडा लागोपाठ तीन वेळा स्वच्छ वाजला तर चौसष्ट. पुन्हा तीन वेळा, मग अडुसष्ट. मध्ये एकदा जरी चुकलं तरी मोजणी पुन्हा एकपासून. मुलांना हे खेळासारखं वाटतं, आणि ‘झालं का?’ या प्रश्नाचं उत्तर आईला विचारावं लागत नाही, त्यांचं त्यांनाच मिळतं. ते मिळायला लागलं की मूल आपलं वाजवणं ऐकायला लागतं. घरच्या रियाजातून मला हवं असतं ते एवढंच. बाकीचं मी वर्गात बघतो.

आम्हाला संगीतातलं काहीच कळत नाही. आम्ही मदत कशी करणार?

न कळणाऱ्या पालकांची मुलं पुष्कळदा बरी असतात, कारण अर्धवट कळणारे पालक मध्येमध्ये शिकवायला लागतात. तुम्ही तीन कामं करा.

पहिलं, बसण्याआधी विचारा, ‘आज कुठली जागा नीट करायची आहे?’ त्याला सांगता आलं पाहिजे. आलं नाही तर वही उघडायला लावा. मी प्रत्येक मुलाच्या वहीत आठवड्याचं एकच मुख्य काम एका ओळीत लिहितो, ते याचसाठी. शेवटी विचारा, ‘झाली का?’ आणि हो म्हणाला तर ‘ऐकव’ म्हणा. तेवढीच जागा ऐका, सगळं नको.

दुसरं, तबल्याच्या मुलासाठी टाळी धरा. तीनताल सोळा मात्रांचा, टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, नवव्यावर खाली, म्हणजे हात उलटा. हे कोणालाही जमतं, आजीला तर फारच छान जमतं. तुम्ही टाळी धरायची, त्यानं बोल तोंडानं म्हणायचे, आणि मग कामांची अदलाबदल. जे तोंडात येत नाही ते हातात येत नाही. आपल्या गोव्यातले खाप्रूमाम पर्वतकर दोन हातांवर आणि पायांवर वेगवेगळे ताल एकाच वेळी धरत, त्यांना लयभास्कर म्हणत. आपल्या बाळानं दोन हातांवर मिळून एक तीनताल न सोडता धरला तरी आठवड्याचं सार्थक झालं असं समजा.

तिसरं काम गप्प बसण्याचं. स्वयंपाकघरातून ‘चुकलं, परत वाजव’ असं ओरडू नका. त्याला ते कळलेलं असतं.

वहीतल्या खुणा आणि पुस्तकातल्या खुणा वेगळ्या का दिसतात?

कारण स्वरलेखनाच्या दोन पद्धती चालू आहेत, भातखंडे यांची आणि पलुसकर यांची. भातखंडे पद्धतीत मंद्र सप्तकाच्या स्वराखाली बिंदू असतो आणि तार सप्तकाच्या स्वरावर बिंदू. पलुसकर पद्धतीत डोक्यावरचा बिंदू मंद्राचा, आणि तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. म्हणजे तोच बिंदू एका पुस्तकात वरचा नि आणि दुसऱ्यात खालचा नि. दुकानातून पुस्तक आणलंत तर पहिल्या पानावरची खुणांची यादी आधी वाचा, किंवा मला दाखवा. मूल आठवडाभर भलत्याच सप्तकात वाजवत बसलं, हे एकदा तरी सगळ्यांच्या घरी होतं.

तानपुऱ्याचं ॲप, लेहरा, यूट्यूब यातलं काय वापरायचं?

पेटी, बासरी, व्हायोलिन, सतार शिकणाऱ्यांनी तानपुरा लावावा. तबल्याला लेहरा, म्हणजे तालाबरोबर पुन्हा पुन्हा फिरणारी छोटी धून, लावावा, कारण मेट्रोनोम लय सांगतो पण सम (तालाची पहिली मात्रा) कुठं आली ते सांगत नाही, लेहऱ्यात ती कानाला कळते. आधी मेट्रोनोमवर तुकडा स्वच्छ करायचा आणि मग लेहऱ्यावर बसवायचा, असा क्रम ठेवा.

ॲपमध्ये सूर इंग्रजी नावांनी असतात, तिथं पालक अडतात. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प आणि काळी पाच ए शार्प. वर्गात ज्या सुराला सा धरतो तोच घरीही ठेवा. घरची पेटी जुनी असेल तर ती ॲपशी जुळेलच असं नाही, अशा वेळी ॲपमधला सूर बारीक सरकवून पेटीला जुळवून घ्या. मोबाईलच्या स्पीकरमधून खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही, साधा छोटा स्पीकर जोडलेला बरा. आणि फोन विमानाच्या खुणेवर टाकून द्या, नाहीतर यमनमध्ये क्रिकेटचा स्कोअर येतो.

यूट्यूबवरून नवी धून शिकून येणाऱ्या मुलाला मी कधी रागावत नाही. कानानं शोधून वाजवणं हा उत्तम रियाज आहे. पण बोटं कुठं ठेवायची ते व्हिडिओ बघून ठरवू नका. कॅमेऱ्यातला हात उलटा दिसतो, आणि प्रत्येकाचा हात वेगळा असतो.

नुसतं ऐकणं रियाजात धरायचं का?

धरायचं, पण भाजी चिरताना मागं चालू असलेलं गाणं त्यात मोजू नका. एक छोटी ध्वनिमुद्रिका घ्या, बसून ऐका. केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, ती साडेतीन मिनिटांच्या आसपासची आहे. मुलाला तेवढं पेलतं, आणि फोंडा तालुक्यातल्या बाईचा आवाज सूर्यमालेबाहेर गेलाय हे ऐकून डोळेही मोठे होतात. ऐकून झाल्यावर त्यातली एकच छोटी जागा पेटीवर शोधायला सांगा. पेटीच्या मुलांना बोरीच्या तुळशीदास बोरकरांचं एकलवादनही ऐकवा. भाता किती शांतपणे चालतो ते ऐकायला सांगा. आपली मुलं भात्यावर कुस्ती खेळतात.

पावसाळ्यात तबला उतरतो, पेटी अडकते. रियाज थांबवायचा का?

थांबवायचा नाही, पण वाद्य समजून घ्यायचं. जूनपासून हवेतला ओलावा चामड्यात शिरतो, पुडी (तबल्याच्या तोंडावरचं चामडं) सैल होते आणि सूर उतरतो. वाजवण्याआधी तबला सुरात लावणं हा या दिवसांत रियाजाचाच भाग समजा. हातोडीनं गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) वरून हलके ठोके दिले की सूर चढतो, खालून दिले की उतरतो. फरक मोठा असेल तर गट्टे (तबल्याच्या बाजूचे लाकडी ठोकळे) सरकवावे लागतात, ते मोठ्या माणसानं करावं. लहान मुलाच्या हातात हातोडी एकट्यानं देऊ नका, शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) ठोका बसला तर पुडीच जाते. आणि कृपा करून तबला गॅसजवळ किंवा इस्त्रीनं वाळवू नका. शाईला तडे जातात. वाजवून झाल्यावर कापडी झाकण घाला, खालच्या फरशीवर न ठेवता कपाटात ठेवा.

पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, आणि समुद्राच्या बाजूला आतल्या, सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर गंजही चढतो. पेटी बंद करून खोक्यात ठेवा, आत बुटांच्या डब्यात येतात तसल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाका. अडकलेली पट्टी चाकूनं उचकटू नका. व्हायोलिनच्या खुंट्या याच दिवसांत फुगतात, जोर करून पिळल्या तर तार तुटते. गजाचे केस वाजवून झाल्यावर नेहमी सैल करून ठेवायचे. सतारीच्या तारा कोरड्या कापडानं पुसायच्या.

वीज गेली तर इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंद पडतो. मेणबत्तीच्या उजेडात बोल म्हणा, अलंकार सरगमनं गा. वाद्य शिकणाऱ्यानंही गायलं पाहिजे.

चवथीत (गणेश चतुर्थीत) दहा-पंधरा दिवस रियाज बुडतो. त्याचं काय?

बुडत नाही, वेगळा होतो. चवथीच्या आरतीत घुमट (मातीच्या मडक्याचं वाद्य), शामेळ (छोटे नगारे) आणि कासाळं (झांजा) घेऊन बसलेलं मूल जे शिकतं ते मी वर्गात शिकवू शकत नाही. दहा माणसांत लय धरायची, दुसऱ्याचं ऐकायचं, चुकलं तरी थांबायचं नाही. घुमटाला 2019 साली राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला. त्याला पूर्वी घोरपडीचं कातडं असे, आता बकरीचं. मुलांना हे सांगा, त्यांना आवडतं. गावच्या देवळात भजनाला तबल्यावर बसायची संधी मिळाली तर ती सोडू नका. गाणाऱ्याच्या मागं राहून, ठेका न ढळू देता अर्धा तास वाजवणं हे भल्याभल्यांना जड जातं.

एक सावधगिरी मात्र घ्या. आरतीत जोरात आणि जलद वाजवायची सवय लागते, आणि तोच हात तबल्यावर आला की बोल फुटतात. म्हणून सणानंतरचा पहिला आठवडा लय खाली घेऊन, साधे बोल, हात हलका करण्यासाठी ठेवा. नवा पाठ तेव्हा मीच देत नाही.

मुलगी पाश्चात्त्य व्हायोलिनही शिकते. दोन्ही चालेल का?

गोव्यात याचं नवल नाही. इथं चर्चच्या शाळांतून व्हायोलिन पिढ्यान्पिढ्या शिकवलं गेलं आहे, आणि आजही कला अकादमीत दोन्ही पद्धती शिकवल्या जातात. रियाज मात्र वेगवेगळ्या वेळी करा. तिकडं बसायची-उभं राहायची पद्धत वेगळी, तारा लावायची पद्धत वेगळी. एकाच व्हायोलिनच्या तारा रोज इकडून तिकडं लावल्या तर त्या फार दिवस टिकत नाहीत. जमत असेल तर दोन वाद्यं घ्या, लहान मापाची मिळतात. आणि मूल थकलेलं दिसलं तर एक वर्षभर थांबवायला कचरू नका, कुठलं ते तिला ठरवू द्या.

फ्लॅटमध्ये राहतो, शेजारी तक्रार करतात.

वेळ ठरवून त्यांना आधीच सांगा, निम्मी तक्रार तिथंच संपते. उरलेला रियाज बिनआवाजी करा: बोल पुटपुटत मांडीवर बोटं, पेटीच्या भात्याला हात न लावता नुसत्या पट्ट्या.

बोटं दुखतात म्हणतो.

सतारीच्या तारांनी बोटाचं टोक दुखणं, घट्टा पडणं हे ठीक आहे. मनगट, कोपर किंवा खांदा दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील तर त्या दिवशी रियाज बंद, आणि पुढच्या वर्गात मला सांगा. बहुतेकदा बसण्यात चूक असते: पेटी उंचावर आणि मूल खाली, किंवा तबल्यावर खांदे वर ओढलेले. तरीही चार-आठ दिवसांत कमी झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

रोज बसवताना भांडण होतं, रडारड होते.

वेळेवरून भांडण होत असेल तर वेळ घड्याळाला न बांधता घरातल्या एखाद्या कामाला बांधा. तिन्हीसांजेला दिवा लागला की बसायचं, असं ठरलेल्या घरांत मला कमी कटकट दिसते, कारण तिथं हुकूम आईचा राहत नाही. वाद्य बाहेर काढलेलं, झाकण काढलं की लगेच वाजवता येईल असं असू द्या. पलंगाखालून ओढून काढावं लागणारी पेटी आठवड्यात दोनदाच निघते.

पैसे, चॉकलेट देऊन बसवलंत तर सहा महिन्यांनी भाव वाढतो. त्यापेक्षा रियाजाची शेवटची पाच मिनिटं त्याच्या मर्जीची ठेवा. सिनेमातलं गाणं, स्वतः जुळवलेली धून, काहीही. आणि पाहुणे आले की ‘बाबू, वाजवून दाखव’ हे थांबवा. त्याच्या मनात असेल तर तो आपणहून दाखवेल. महिन्यातून एकदा घरातल्याच माणसांसमोर, ठरवून, आधी सांगून, एक गोष्ट वाजवणं वेगळं. ते जरूर करा.

तरीही दोन-तीन महिने रोज रडूनच बसत असेल तर माझ्याशी बोला. कधी वाद्य चुकीचं निवडलेलं असतं. पेटी सोडून तबल्यावर आलेली आणि तिथं रमलेली मुलं माझ्याकडं आहेत.

परीक्षा जवळ आली की काय बदलायचं?

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षांत परीक्षक हवं ते, हव्या त्या क्रमानं विचारतात. मुलं मात्र वहीतल्या क्रमानं पाठ करतात आणि तिथं गडबडतात. शेवटचे तीन आठवडे चिठ्ठ्या करा. अभ्यासक्रमातल्या प्रत्येक गोष्टीची एक चिठ्ठी, डब्यात टाका, रोज चार उचला. ‘झपतालाची दुगुण हातावर’, ‘भूपचा आरोह-अवरोह’, ‘खाली म्हणजे काय?’ जे येईल ते लगेच, तयारी न करता. चिठ्ठ्या वाचायचं काम धाकट्या भावंडाला द्या, ते परीक्षकापेक्षा कडक असतं.

या काळात एक नियम उलटतो. एरवी चुकलं की थांबून तेवढी जागा नीट करायची, पण दिवसातून एकदा पूर्ण वाजवताना चुकलं तरी न थांबता पुढं जायचं आणि समेवर यायचं. दोन्ही गोष्टींचा सराव वेगळा लागतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी नवं काही नको. ज्या कपड्यांत जाणार त्या कपड्यांत, परकं वाद्य मिळालं तर त्याच्यावर (शेजारच्यांची पेटी मागून आणा), एकदा सगळं वाजवून बघा आणि वाद्य झाकून ठेवा. प्रवेशपत्र रात्रीच पिशवीत टाका.